वापरलेली कॅराव्हॅन विकताना: नागपूरचा व्यापारी आणि थेट ग्राहक, दोन्ही मार्गांचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात आमचे गाव आहे आणि घरची कॅराव्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) विकण्यासाठी आम्ही दोन्ही मार्ग पूर्णपणे चाचपून पाहिले: नागपुरातील जुन्या गाड्यांचा परवानाधारक व्यापारी आणि जाहिरातीतून स्वतः शोधलेला ग्राहक. माझे मत आधीच सांगून टाकतो. कागदपत्रांच्या बाबतीत व्यापाऱ्याची सेवा चोख आहे, परंतु गाडीची किंमत ठरवताना तो गाडीतल्या घराचा विचारच करत नाही. थेट विक्रीत पैसा स्पष्टपणे अधिक मिळतो, मात्र नाव हस्तांतरित होईपर्यंतची सगळी जबाबदारी विक्रेत्याच्या मानेवर राहते आणि ती पेलण्याची तयारी नसेल तर वरचे पैसे महाग पडू शकतात.

गाडी म्हणजे लांब चेसिसची फोर्स ट्रॅव्हलर. बॉडी बिल्डरकडून आत दोन पलंग, ओटा, छोटे शौचालय, पाण्याची टाकी, वेगळी बॅटरी आणि टपावर सौर पॅनेल बसवून घेतलेले. नोंदणी वडीलभावांच्या नावावर, खाजगी वापरासाठी, आणि महत्त्वाचे म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर वाहनाचा वर्ग ‘मोटर कॅराव्हॅन’ असाच लिहिलेला. शेगाव, लोणार, चिखलदरा, ताडोब्याचे कोलारा प्रवेशद्वार अशा फेऱ्यांत गाडीने चांगली सेवा दिली. भाऊंच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिल्यावर ती अंगणात नुसती उभी राहू लागली आणि विकण्याचे ठरले.

प्रथम व्यापाऱ्याविषयी. त्याच्या आवारात तपासणी शिस्तीत झाली. इंजिनचा आवाज, धूर, चेसिसवरचा गंज, सर्व्हिसची नोंद, टायरवरची तारीख हे सर्व त्यांच्या माणसाने कागदावर उतरवून घेतले. टायरच्या कडेला शेवटी जे चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे ‘२३२१’ असे असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला असतो. आमच्या टायरची नक्षी उत्तम होती, पण वय झाले होते, आणि त्याचे पैसे त्याने रीतसर कापले. त्यात गैर काही नाही. आतल्या भागाकडे मात्र त्याने दारातूनच एक नजर टाकली. मी विचारले तेव्हा तो मोकळेपणाने म्हणाला, “भाऊ, गाडी बेस हाये, पन ह्या पलंगाचे अन् ओट्याचे पैसे मले कोन देईन?” अखेर त्याने साडेसहा लाखांची किंमत सांगितली.

हा प्रश्न उद्धट वाटला तरी त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. विदर्भात जुन्या कॅराव्हॅनची म्हणून वेगळी बाजारपेठ नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण रस्त्यावर अशा गाड्या अजून मोजक्याच दिसतात, त्यामुळे व्यापाऱ्याच्या आवारात आलेली कॅराव्हॅन किती महिने पडून राहील हे त्याला सांगता येत नाही. साध्या ट्रॅव्हलरला मात्र शाळा, कंपनी, लग्नाचे वऱ्हाड असे गिऱ्हाईक कायम असते. म्हणून त्याच्या मनातला हिशोब साधा असतो: आतले सगळे काढून टाकायचे, सीट बसवायच्या आणि प्रवासी गाडी म्हणून विकायची. पण हेही वाटते तितके सोपे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांबाबत कठोर भूमिका घेतली आहे. म्हणजे आतले सामान काढण्याचा खर्च, पुन्हा मंजुरी घेण्याची कटकट आणि गाडी अडकून पडण्याची भीती, हे तिन्ही तो आपल्या किमतीतून वजा करतो. ज्या सजावटीवर आपण लाखो रुपये घातले, ती त्याच्या वहीत खर्चाच्या रकान्यात जाते.

वस्तू आणि सेवा कराचाही भाग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीने सर्व जुन्या वाहनांवरील दर १८ टक्के असा एकच करण्याची शिफारस केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची अधिसूचना निघाली. हा कर पूर्ण किमतीवर लागत नाही, तर नोंदणीकृत विक्रेत्याच्या खरेदी आणि विक्रीच्या किमतीतील फरकावर लागतो. व्यापाऱ्याने साडेसहा लाखांना घेतलेली गाडी आठ लाखांना विकली, तर दीड लाखावर २७,००० रुपये कर भरावा लागतो आणि तो शेवटी आपल्याच किमतीतून निघतो. साध्या गृहस्थाने, ज्याची जीएसटी नोंदणी नाही, आपली गाडी थेट विकली तर हा कर लागत नाही. पण ताडोबा किंवा पेंचच्या आसपास राहण्याची सोय चालवणाऱ्या ज्या मंडळींनी कॅराव्हॅन व्यवसायाच्या नावावर घेतली आहे, जीएसटी नोंदणी केली आहे आणि प्राप्तिकरात घसाराही (गाडी जुनी होत जाते तशी हिशोबात दाखवलेली किमतीतील घट) घेतला आहे, त्यांनी सावध राहावे. त्यांच्या बाबतीत फरक मोजला जातो तो घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपासून. पुस्तकात चार लाख उरलेली गाडी सात लाखांना गेली, तर तीन लाखांवर ५४,००० रुपये कर त्यांनाच भरावा लागेल, मग ग्राहक व्यापारी असो की शेजारी. फरक उणे असेल तर कर नाही. आपल्या लेखापालाशी हे बोलणे सौद्याच्या आधी झालेले बरे.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने जे खरोखर मोलाचे आहे ते सांगतो, कारण किमतीच्या रागात ते नजरेआड होते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये नियम करून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घेण्याची व्यवस्था लागू केली. अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना मालक आणि व्यापारी मिळून ‘फॉर्म २९सी’ (गाडी व्यापाऱ्याकडे सोपवल्याची सूचना) परिवहन विभागाच्या पोर्टलवर भरतात, आणि त्याची पोच निघाली की तो व्यापारी त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. त्यानंतर गाडीने काही घडले तर ती त्याची जबाबदारी. गाडी तो चाचणी, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी किंवा ग्राहकाला दाखवणे एवढ्यासाठीच रस्त्यावर काढू शकतो आणि त्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणे त्याला बंधनकारक आहे. नागपूरच्या ज्या व्यापाऱ्याकडे आम्ही गेलो, त्याने अधिकारपत्र मागताच दाखवले, रक्कम बँकेतून देण्याची तयारी दर्शवली आणि पोच निघाल्याशिवाय गाडी घेणार नाही असे स्वतःहून सांगितले. या एका गोष्टीसाठी त्याला मी पूर्ण गुण देईन.

तालुक्याच्या ठिकाणी मात्र चित्र वेगळे आहे. तेथे ‘कन्सल्टंट’ अशी पाटी लावून बसलेले पुष्कळ जण प्रत्यक्षात दलाल असतात आणि त्यांच्याकडे असले अधिकारपत्र नसते. आम्ही ज्या एका दलालाकडे विचारणा केली, त्याने नागपूरपेक्षा थोडी अधिक किंमत सांगितली, पण अट अशी की फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि फॉर्म ३० (हस्तांतराचा अर्ज) वर सह्या करून ग्राहकाची जागा कोरी ठेवायची, “गिऱ्हाईक भेटलं का आमी भरून टाकतो, तुमाले काई टेन्शन नाई.” टेन्शन नेमके तेथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे की नोंदणीच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर राहील. त्या प्रकरणातील गाडी अपघातापूर्वी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हात फिरली होती, तरी नाव न बदललेल्या मूळ मालकालाच जबाबदार धरले गेले. कोऱ्या फॉर्मवर सही करून दिलेली गाडी नेमक्या अशाच प्रवासाला निघते. आम्ही तेथून चहा पिऊन परतलो.

‘पार्क अँड सेल’ नावाचा मधला प्रकारही एका ठिकाणी सुचवला गेला. गाडी त्यांच्या आवारात उभी करायची, विकली गेल्यावर ते दलाली कापून पैसे देणार. मोटारकारसाठी हे ठीक असेल. कॅराव्हॅन मात्र उघड्यावर महिनोन्महिने उभी ठेवण्याची वस्तू नाही, आणि विदर्भात तर मुळीच नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही गावे उन्हाळ्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार झळकतात, त्या उन्हात टपाच्या खिडक्यांभोवतीचे सीलंट कडक होऊन तडकते, सनमायका सुटू लागतो, रबर चिरते. आणि मग जूनच्या पहिल्या सरीला पाणी त्या चिरांतून प्लायवूडमध्ये उतरते. वरून काही दिसत नाही. कोपऱ्यात बोट दाबले की लाकूड भुसभुशीत लागते तेव्हा कळते. भरीस भर म्हणजे सोयाबीनच्या वावराला लागून उभ्या असलेल्या गाडीची वायरिंग उंदरांना फार आवडते. म्हणून गाडी विकली जाईपर्यंत शेडमध्ये ठेवून दर आठवड्याला सुरू करणे, दोन्ही बॅटऱ्या चार्ज ठेवणे आणि टाक्या रिकाम्या करून कोरड्या ठेवणे हे काम मालकानेच करावे. परक्याच्या आवारात ते कोणी करत नाही.

थेट विक्रीकडे वळलो तेव्हा पहिला धडा फोनवरच मिळाला. जाहिरात दिल्यावर येणाऱ्या चौकशांपैकी बहुतेकांना गाडी घ्यायची नसतेच. ती आतून कशी दिसते याचे कुतूहल असते. काहींना ती मुलीच्या लग्नासाठी दोन दिवस भाड्याने हवी होती. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही हे त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला. काही फोन सरळ फसवणुकीचे होते. लष्करात नोकरीला असल्याचे सांगून, गाडी न पाहताच किंमत मान्य करून, ‘पैसे जमा करण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवणारा माणूस ज्याला भेटला नाही असा विक्रेता आता विरळाच. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे, कारण जाहिरातीतल्या क्रमांकावरचा फोन कधी घरातले लेकरूही उचलते.

जे खरे ग्राहक होते ते मात्र व्यापाऱ्याच्या अगदी उलट वागले. इंजिनावर त्यांनी आपला मिस्त्री लावला आणि स्वतः आत जाऊन बसले. पंप चालू करून नळाला पाणी किती जोरात येते, शौचालयाची टाकी कशी रिकामी करायची, रात्रभर पंखा चालवून सकाळी बॅटरीत किती दम उरतो, गॅसची नळी कधी बदलली, पावसाळ्यात टप गळतो का, असे एकामागून एक प्रश्न. सौर पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांची बिले आणि वॉरंटीचे कागद भाऊंनी एका फाइलमध्ये नीट लावून ठेवले होते, त्या फाइलीने जेवढी किंमत राखली तेवढी इंजिनाच्या सर्व्हिस बुकानेही राखली नसेल. ज्यांना हे प्रश्न पडतात त्यांनाच कॅराव्हॅनची किंमत कळते, आणि असा माणूस व्यापाऱ्याच्या आवारात फारसा फिरकत नाही. परतवाड्याचे एक कुटुंब, मेळघाटात नेहमी जाणारे, दुसऱ्यांदा आले तेव्हा मुलांना घेऊन आले आणि ओट्यावर चहा करून प्यायले. त्या दिवशी सौदा आठ लाखांवर ठरला. व्यापाऱ्याच्या किमतीशी तुलना करता दीड लाखाचा फरक, त्यातून नवे सीलंट, बॅटरीची दुरुस्ती, जाहिरात आणि किरकोळ खर्च वजा जाऊनही चांगली रक्कम हातात उरली.

इसारपावती करताना आम्ही तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: गाडीसोबत काय काय जाणार त्याची यादी, उरलेल्या रकमेची तारीख, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ. वेळ लिहिण्यावर भाऊंचा आग्रह होता आणि तो योग्य होता, कारण ताब्यानंतरच्या ई-चलानचा वाद त्या एका ओळीने मिटतो. रक्कम सगळी बँकेतून घेतली. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. तरीही गावाकडच्या सौद्यांत ‘अर्धे नगदी घ्या ना भाऊ’ हा आग्रह होतोच, तो नम्रपणे पण ठामपणे मोडून काढावा लागतो.

हस्तांतराचे काम थेट विक्रीचा सर्वांत कंटाळवाणा, पण सर्वांत महत्त्वाचा भाग. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आणि राज्याबाहेर झाली तर ४५ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपली नोंद करून घ्यायची असते. विक्रीची सूचना फॉर्म २९ वर आणि हस्तांतराचा अर्ज फॉर्म ३० वर होतो. कर्ज फेडले असेल पण बोजा नोंदीत तसाच असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ आधी द्यावा लागतो. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर महाराष्ट्रात हे काम पुढे सरकत नाही. थकलेली चलाने आधी भरून टाकावीत. विदर्भाच्या सीमा मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाला लागून असल्यामुळे छिंदवाडा किंवा आदिलाबादहूनही ग्राहक येतात आणि किंमतही बरी सांगतात, पण मग फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घेणे आले. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथे नवा क्रमांक घ्यावाच लागतो, आणि तोपर्यंत गाडी वर्ध्याच्या ‘एमएच-३२’ च्याच पाटीवर फिरत राहण्याचा मोह पुष्कळांना होतो. दोन ग्राहकांत थोडाच फरक असेल तर जवळचा निवडावा, असे माझे मत आहे.

विमा आणि फास्टॅग यांच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तृतीय पक्षाचा विमा मालकीबरोबर नव्या मालकाकडे गेल्याचे कायदा मानतो, तरी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तर नाव बदलल्याशिवाय त्याच्या कामी येत नाही. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून मालकाचा असतो. विक्रीनंतर विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र मागून घेता येते आणि तीन वर्षांच्या आत पुढची गाडी घेतली तर ते वापरता येते. फास्टॅग मात्र ताब्याच्या दिवशीच बंद करावा, नाहीतर नवा मालक समृद्धी महामार्गाने मुंबईला जाऊन येईल आणि टोल आपल्या खात्यातून कापला जाईल.

ऋतूचाही परिणाम दिसला. मे महिन्यात तापलेल्या गाडीत कोणी पाच मिनिटेही बसत नाही, आणि पावसाळ्यात ताडोब्याचे गाभा क्षेत्र १ जुलैपासून बंद असल्यामुळे जंगलाकडे जाणाऱ्यांचा उत्साह मावळलेला असतो. ऑक्टोबरनंतर, जंगल पुन्हा उघडून आणि कापूस-सोयाबीनचे पैसे हातात येऊन बाजार हलू लागतो, तेव्हा चौकशा वाढतात. डिसेंबर उलटला की मात्र गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते आणि व्यापारी तेच कारण पुढे करतो.

व्यापाऱ्याकडेच जावे अशी परिस्थिती नाहीच, असे मात्र नाही. आतले बांधकाम नोंदणी प्रमाणपत्रावर चढलेलेच नसेल, म्हणजे कागदावर प्रवासी गाडी आणि आत पलंग असा प्रकार असेल, तर ती गाडी एखाद्या कुटुंबाच्या गळ्यात मारणे योग्य नाही. ती सगळी हकीकत सांगून परवानाधारक व्यापाऱ्यालाच द्यावी. इंजिनाचे मोठे काम निघाले असेल, मुले पुण्याला किंवा परदेशात असून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडी दाखवायला घरी कोणी नसेल, किंवा पैशाची निकड असेल, तरीही व्यापाऱ्याची कमी किंमत स्वीकारणे शहाणपणाचे आहे. मूळ मालक वारले असतील तर कोणत्याही मार्गाने विकण्यापूर्वी फॉर्म ३१ वर गाडी वारसाच्या नावे करून घ्यावी लागते. व्यापारी याचे काम करून देतो, पण त्याचा मोबदला धरूनच किंमत सांगतो, म्हणून ते आधीच आटोपलेले बरे. अशा विक्रेत्यांनी किमान दोन व्यापाऱ्यांकडून लेखी किंमत घ्यावी, सौर पॅनेल, इन्व्हर्टर आणि जादा बॅटरी यांचे पैसे मिळत नसतील तर नोंदीतील वर्णनाला धक्का न लावता निघण्यासारखे सामान काढून वेगळे विकावे, आणि फॉर्म २९सी ची पोच निघून रक्कम खात्यात दिसेपर्यंत चावी आपल्याच खिशात ठेवावी.